आवरलेल्या घराची भरपाई

२६ नोव्हेंबर. धाकट्याच्या खात्यात विमा कंपनीकडून दोन लाख सदतीस हजार चारशे रुपये जमा झाले.

थोरल्याला हे कोणी येऊन सांगावं लागलं नाही. दोन्ही भावांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि धाकटा कानात कुजबुजला तरी तिसऱ्या घरी कळावं असा त्याचा आवाज. "अगं, आले! दोन सदतीस!" मग त्याच्या बायकोचं हसणं, मग काहीतरी भांडं पडल्याचा आवाज, मग त्यावर दोघांचं हसणं. भिंतीच्या अलीकडे थोरला रुमालांच्या घड्या घालत बसला होता. त्याने हातातला रुमाल उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घातली.

त्याच्या स्वतःच्या खात्यात चार दिवसांपूर्वी अठरा हजार सहाशे पन्नास आले होते.

वादळ एकच, संध्याकाळ एकच, बापाने बांधलेलं छप्परही एकच. पॉलिसीसुद्धा एकाच एजंटाकडची, एकाच रकमेची. आणि ती धाकट्याला काढून कोणी दिली? थोरल्याने. फॉर्म थोरल्याने भरला, सही करायची तिथे पेन्सिलीने फुली थोरल्याने मारली, दरवर्षी हप्त्याची तारीख जवळ आली की भिंतीवर तीनदा ठोकून आठवणही थोरल्यानेच केली. मी नसतो तर याला विमा कशाशी खातात तेही कळलं नसतं, असं तो मनात म्हणे. ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबत होतं.

थोरला इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होता. एकतीस वर्षं. तिथे त्याला त्याच्या नावाने कोणी ओळखत नसे. वॉर्डातल्या नर्सेसपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला इस्त्रीदादा म्हणत. चादरीची घडी त्याच्यासारखी कोणालाच जमत नसे. चारही कोपरे एकमेकांवर असे बसत की ती चादर आहे की कापलेली वडी, असा प्रश्न पडावा. त्याच्या खात्यात एकच नियम होता आणि तो त्यानेच पाटीवर लिहून लावला होता: घाण झालेलं तासाभरात नजरेआड. रक्ताची चादर असो, उलटीचा गाऊन असो, तासाभराने तिथे काही घडलं होतं याची खूण राहता कामा नये. या नियमासाठी त्याला दोनदा प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. दोन्ही चौकटीत बसवलेली, एकाच उंचीवर टांगलेली.

धाकटा शाळेची बस चालवायचा. त्याच्या घरी चपला जिथे पाय थांबले तिथे असत. बिलं फ्रीजवर, फ्रीजची किल्ली बिलांखाली. लहानपणापासून हे असंच. थोरला वह्यांना कव्हरं घालून शाळेत जायचा, धाकट्याचं दप्तर कोणी ना कोणी घरी आणून द्यायचं. आई म्हणायची, "मोठा शहाणा आहे माझा, त्याला काही लागत नाही." लोकांना हे कौतुक वाटे. थोरल्याला त्यातली मेख फार लवकर कळली होती. ज्याला काही लागत नाही हे एकदा ठरलं, त्याला पुढे कोणी काही देत नाही. सायकल धाकट्याला आली, कारण तो शाळेत उशिरा पोचायचा. घराचा कोपऱ्यावरचा, उजेडाचा, अंगण असलेला अर्धा भाग धाकट्याला आला, कारण "त्याला कोंडल्यासारखं होतं". थोरल्याला आतला अर्धा मिळाला. तो आतला अर्धा त्याने असा ठेवला की बघणाऱ्याला वाटावं, यानेच निवडून घेतला असेल.

आणि आता हे.

वादळ आठ ऑक्टोबरला संध्याकाळी आलं. पाऊण तास वारा आणि मग दोन तास पाऊस. दोन्ही घरांवरची कौलं पत्त्यांच्या डावासारखी उधळली. थोरल्याकडची जास्त, कारण वारा त्याच्या बाजूने आला. कौलांखालची फळ्यांची तक्तपोशी खोलीभर लोंबत होती, गादीने ओंजळीसारखं पाणी धरलं होतं, आणि कपाटामागची भिंत वरपासून खालपर्यंत ओली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला थोरला उठला आणि कामाला लागला. बायको म्हणाली, "अहो, जरा थांबा. कोणाला दाखवू तरी आधी."

"काय दाखवायचं? घाण दाखवायची?"

नऊ वाजेपर्यंत ओली गादी कचऱ्याच्या गाडीत गेली होती. फळ्यांचे तुकडे कापून, सुतळीने बांधून, शेजारच्या बेकरीच्या भट्टीत. फुटकी कौलं रस्त्यावरच्या खड्ड्यात, तीही व्यवस्थित, एका पातळीत. मागच्या दारी बापाच्या वेळची जादा कौलं होती, ती थोरल्याने वर्षानुवर्षं मोजून, रचून, झाकून ठेवली होती. दोन दिवसांत स्वतः शिडीवर चढून त्याने ती सगळी वर चढवली. माथ्यावरची कोनकौलंही स्वतःच्या हाताने बसवली. भिंतीला चुना. तक्तपोशी गेली, आतून आता थेट कौलांच्या रांगा दिसत. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, वादळ या घराला वळसा घालून गेलं.

धाकटा वादळाच्या दुसऱ्या दिवशी नऊला उठला. उठला आणि छत्री उघडून, छपराच्या भोकाखाली खुर्ची टाकून बसला. बायकोला म्हणाला, "काढ फोटो, बसवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो." मग शिडीवर चढून वरून काढले, मग फुटक्या कौलांच्या ढिगाचे, मग भिजलेल्या टीव्हीचे. दर फोटोत हसतोय. मग डेपोतून बसवर टाकायची ताडपत्री मागून आणली, भोकावर ओढली, चार कोपऱ्यांना विटा बांधल्या, खाली बादली ठेवली आणि कामावर गेला. बाकी सगळं जसंच्या तसं. एक ताडपत्री जादा आणली होती.

"दादा, ही घे तुझ्याकडे."

"मला नको. माझं होत आलंय."

विमा कंपनीचा पाहणी करणारा नवव्या दिवशी आला. किडकिडीत माणूस, गळ्यात टेप, पायात पावसाळी बूट. आधी धाकट्याकडे गेला. थोरला दारात उभा राहून ऐकत होता.

"अरे वा, सगळं आहे तसंच ठेवलंत!"

"वेळच नाही मिळाला हो," धाकटा म्हणाला. "आणि खरं सांगू, कंटाळा."

"कंटाळा केलात ते बरं केलंत. लोक उत्साहाने मारले जातात." त्याने फोटो बघितले, तारीख-वेळ टिपली, फुटक्या कौलांचा ढीग मोजला, ताडपत्री उचलून वर डोकावला. "पाणी पुढे जाऊ नये म्हणून ताडपत्री टाकलीत, हे पण चांगलं. ताडपत्रीची पावती असेल तर तीही लावा, तिचेही मिळतात."

"ती डेपोची आहे."

"मग सोडा."

नंतर तो थोरल्याकडे आला. पायपुसण्यावर बूट पुसले, कारण त्या घरात शिरताना कोणीही पुसत असे. वर बघितलं. भिंतीकडे बघितलं. पुन्हा वर बघितलं.

"छान ठेवलंय घर. नुकसान कुठे झालं?"

थोरल्याने कागद पुढे केला. सुबक अक्षरात यादी: कौलं २१४, फळ्या १९, गादी १, भिंत ७ फूट गुणिले ९ फूट.

"यादी फर्स्ट क्लास. वस्तू कुठे आहेत?"

"टाकल्या."

"फोटो?"

"घर घाण असताना कोणी फोटो काढतं का?"

"नवीन कौलांचं बिल? गवंड्याची पावती?"

"कौलं घरची. काम मी केलं."

पाहणीवाला टेपशी चाळा करत राहिला. माणूस वाईट नव्हता. "काका, असं बघा," तो म्हणाला. "आधी फोटो. मग ताडपत्री. फुटलेलं काही टाकायचं नाही, एका बाजूला लावून ठेवायचं. मग जाणकार मिस्त्रीला वर चढवून खर्चाचा अंदाज लिहून घ्यायचा. आम्ही बघून गेलो की मग झाडू. तुम्ही झाडूपासून सुरुवात केलीत. आता मी कागदावर लिहू काय? घर स्वच्छ आहे?"

तेवढ्यात धाकटा मागून आला आणि त्याने नको तिथे तोंड घातलं. "साहेब, दादाचं माझ्यापेक्षा जास्त उडालं होतं. मी शिडीवरून काढलेत ना फोटो, त्यात त्याची बाजू पण दिसेल..."

"तू गप्प बस," थोरला म्हणाला. "मला तुझ्या साक्षीची गरज नाही."

पाहणीवाल्याने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि टेप गुंडाळला.

महिनाअखेर पत्र आलं. मान्य रक्कम अठरा हजार सहाशे पन्नास. हरकत असल्यास पुराव्यासह पंधरा दिवसांत कळवावं. त्या पंधरा दिवसांत धाकट्याने तीनदा फोटो पाठवतो म्हटलं. वहिनीच्या फोनवर पाठवलेसुद्धा. बायकोने फोन थोरल्यापुढे धरला. चित्रात डाव्या बाजूला धाकट्याचं भोक, उजव्या बाजूला त्याहून मोठं त्याचं स्वतःचं, आणि त्या भोकातून खाली तो स्वतः दिसत होता, पाठमोरा, झाडू मारताना.

"हे एवढं जोडलं की झालं," बायको म्हणाली.

"म्हणजे मी कंपनीला सांगायचं, की माझ्या घराचं काय झालं ते माझ्या बस ड्रायव्हर भावाला विचारा?"

"हो. त्यात काय बिघडलं?"

त्याने फोन बाजूला सारला. पंधरावा दिवस उलटला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म चांगलं केलं म्हणून गेलं, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं.

पैसे आले तसा धाकट्याकडे छपराचा मिस्त्री आला. जाड, लाल, उष्णता अडवणारे पत्रे, आतून पांढरा थर. ट्रकमधून उतरवताना थोरल्याने खिडकीच्या पडद्याआडून ते मोजले. बावीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, कमी झाले असतील तर बघावं म्हणून. बावीसच. इस्पितळात त्या आठवड्यात त्याने हाताखालच्या एका मुलीला उशीच्या अभ्र्याच्या घडीवरून रडवलं. घरी जेवताना म्हणायचा, "लाल पत्रे! घर आहे की अग्निशमन केंद्र?" बायको म्हणायची, "आपल्याला नाही ना बसवायचे? मग जेवा."

तिसऱ्या दिवशी मिस्त्री माथ्यावर चढला आणि बराच वेळ उतरला नाही. उतरला तो थोरल्याच्या दारात.

"काका, तुमच्या बाजूचं आढं चिरलंय."

आढं म्हणजे माथ्यावरचं लांब लाकूड, ज्यावर दोन्ही बाजूंचे वासे टेकतात. बापाने एकच लावलं होतं, दोन्ही घरांवरून आरपार.

"मधल्या भिंतीपासून तुमच्याकडे तीन फूट चीर गेलीय. तुम्ही वर कोनकौलं लावलीत, खाली बघितलं नाहीत वाटतं?"

 कौलं एका रेषेत आली का, एवढंच थोरल्याने बघितलं होतं.

"वादळात मुरगळलंय. त्यावर नुसतं ओझं चढवलंत तुम्ही. आता दोन्हीकडचं बदलायला लागेल. नाहीतर त्यांचे पत्रे मी यावर टेकवणार नाही, आणि तुमचं छप्पर मोठा वारा आला की तुमच्या ताटात."

धाकटा मागेच उभा होता. "दादा, आढं अख्खं मीच घालतो. आलेत ना पैसे. तुझी कौलं उतरवायची, आढं बसवायचं, कौलं परत. दोन दिवस."

थोरल्याचं हे दुखणं रागापेक्षा जुनं होतं. सायकल, अंगण, दोन सदतीस, आणि आता वर दानशूरपणाही यालाच.

"माझ्या छपराला कोणी हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"दादा, अरे पडेल ते!"

"माझं आहे. माझ्यावर पडेल."

काम थांबलं. लाल पत्रे अंगणात उभे राहिले, मिस्त्री दुसरीकडे गेला, धाकट्याच्या घरावर पुन्हा ताडपत्री. खरं सांगायचं तर पहिले चार दिवस थोरल्याला जेवण गोड लागलं. दोन लाख सदतीस हजार चारशे रुपये खात्यात आणि डोक्यावर मात्र डेपोची ताडपत्री, हे चित्र तो येता-जाता बघून घेई. कामावर त्याने त्या अभ्र्यावाल्या मुलीला स्वतःहून चहा पाजला.

पाचव्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस झाला. फार नाही. पण चिरलेल्या आढ्याखालून पाणी नेमकं पलंगावर आलं. बायकोने बादली ठेवली नाही. तिने उशी उचलली, चादर उचलली, तीही घडी न करता, आणि चपला घातल्या.

"कुठे?"

"भाऊजींकडे. ताडपत्रीखाली निदान कोरडं आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईला अक्कल आली." दारात ती थांबली. "एक विचारू? त्यांचं छप्पर होऊ नये असं वाटतंय, की आपलं व्हावं असं वाटतंय? दोन्ही एकदम होणार नाही. आढं एकच आहे."

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे थोरल्याने ऐकलं होतं. बायको उशी घेऊन फिरते हे नवीन होतं.

तासभर तो कोरड्या कोपऱ्यात खुर्चीवर बसला. भिंतीपलीकडून आधी कपबशांचा आवाज आला, मग धाकट्याच्या बायकोचा, "वहिनी, तुम्ही पलंगावर झोपा, हे झोपतील बसमध्ये," मग तिघांचं हसणं. त्यात त्याच्या बायकोचं हसणं वेगळं ओळखू येत होतं. आपल्या घरात ती अशी हसली तो दिवस कोणता, हे त्याने आठवून बघितलं. आठवलं नाही. वर आढ्यात कट्ट असा आवाज झाला. त्याने वर बघितलं. कौलांच्या रांगा सरळ होत्या. त्यांच्या मधोमध माथा मात्र दोन बोटं खाली आला होता. तो आज आला की महिनाभर तसाच होता, हे त्याला सांगता आलं नसतं.

बायकोचा चष्मा खिडकीत राहिला होता. तो घेऊन तो शेजारी गेला.

धाकट्याने दार उघडलं. "चष्मा," थोरला म्हणाला.

"ये आत."

"नको. पाय ओले आहेत."

इतकं साधं वाक्य, पण त्यावर धाकटा, जो जन्मात कधी दादापुढे आवाज चढवून बोलला नव्हता, तो भडकला. "असू देत की ओले! माझ्या घरात ओल्या पायांचं कोणाला पडलंय? ताडपत्री देत होतो, नको. फोटो देत होतो, नको. आता आढं देतोय, तेही नको. छप्पर डोक्यावर पडलं तर काय करणार आहेस दादा? कौलं मोजून रचून ठेवणार?"

आतून थोरल्याच्या बायकोचा आवाज आला, "ठेवतील. आकारवार."

धाकट्याच्या बायकोला हसू आवरलं नाही. थोरल्याचे कान लाल झाले. तो वळून जाऊ शकला असता. पाय वळलेही होते. पण भिंतीपलीकडे एक ओला पलंग आणि एक खुर्ची, एवढंच होतं.

"मी चुना मारला," तो म्हणाला. "वर बघितलंच नाही."

"मग?"

"मग घाल आढं. पण अर्धं माझं. फुकट नको."

"अरे, पण मला कंपनीने..."

"तुला दिलंय, मला नाही. अर्धं माझं, आणि मिस्त्रीची पावती माझ्या नावाची वेगळी."

"घे बाबा, दहा पावत्या घे," धाकटा म्हणाला. "आत ये आधी."

थोरला आत गेला. बसायला जागा नव्हती, दोन्ही खुर्च्यांवर कपड्यांचे ढीग होते. बायकोने चष्मा घालून त्याच्याकडे बघितलं आणि एक ढीग उचलून त्याच्या मांडीवर दिला. तो घड्या घालू लागला.

आढं शुक्रवारी आलं. चौघांनी मिळून चढवलं. थोरल्याने आधी, शिडीच्या पायथ्यापासून, चिरलेल्या जुन्या लाकडाचे सहा फोटो काढले. कंपनीची मुदत कधीच संपली होती, त्यांचा काही उपयोग नव्हता. त्याची कौलं परत बसली, खालची तक्तपोशी मात्र अजून घातलेली नाही. धाकट्याकडे लाल पत्रे लागले. उन्हात ते लांबून दिसतात, आणि त्यांच्या खाली घर खरोखर थंड राहतं. बायको दुपारची तिकडेच असते. थोरल्याला ते अजून बघवत नाही. कामावरून येताना तो मागच्या गल्लीने येतो. लांब पडतं, पण तिथून छप्पर दिसत नाही.

आढ्याचा एकूण खर्च सत्तेचाळीस हजार दोनशे. थोरल्याचा अर्धा हिस्सा तेवीस हजार सहाशे. त्याने कंपनीकडून आलेले अठरा हजार सहाशे पन्नास त्याच आठवड्यात धाकट्याला दिले. चार हजार नऊशे पन्नास द्यायचे बाकी आहेत.